टायमर पळतोय, मग रिपोर्टमध्ये तो वेळ का नाही?

बाणेरच्या एका ऑफिसात दुपारचा एक वाजून वीस मिनिटं झाली आहेत, असं धरा. टीम लीड दिवसाचा रिपोर्ट उघडते आणि शेजारच्या टेबलाकडे बघून विचारते, "अरे, साडेनऊला आलास ना? अडीच तासच दिसतायत तुझे." त्यावर उत्तर येतं, "मॅडम, टायमर चालू आहे माझा. हे बघा, सव्वा तास झालाय." दोघंही खरं बोलत आहेत. कामाचे तास नोंदवणाऱ्या एकाच सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात १:१५ असा आकडा पळतोय आणि त्याच सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये त्या सव्वा तासाचा मागमूस नाही.

कामाच्या तासांची चर्चा सध्या आपल्याकडे जोरात आहे. महाराष्ट्रातल्या दुकानांसाठी आणि आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. त्यात जादा कामाला दुप्पट दर आणि तीन महिन्यांत १२५ तासांची मर्यादा घातलेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा १४४ तास आणि रोजचे तास ९ वरून १० करायला मंजुरी दिली. मर्यादा कोणतीही असो, ती पाळली जाते की नाही हे शेवटी टाइमशीटवरून, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदीवरून ठरतं. आता संध्याकाळी सात वाजता एखाद्याचे पूर्ण झालेले तास ८:१० आहेत आणि टायमरवर आणखी १:२० चालू आहे, अशी स्थिती घ्या. प्रत्यक्षात तो माणूस साडेनऊ तासांवर पोहोचला आहे. चालू वेळ न धरणारा रिपोर्ट मात्र ८:१० दाखवून सगळं ठीक असल्याचं सांगतो. नऊ तासांची मर्यादा असेल तर ती ओलांडल्याचं तो सांगणार, ते टायमर थांबल्यावर, म्हणजे उपयोग संपल्यावर.

म्हणून चालू वेळ रिपोर्टमध्ये आलाच पाहिजे. पण तो पूर्ण झालेल्या वेळात मिसळून एकच बेरीज दाखवली, तर नवीनच घोळ सुरू होतात. दोन्ही आकडे शेजारी शेजारी, पण वेगळे दिसायला हवेत. असं का, ते मुळापासून बघू.

एक नोंद म्हणजे तीन खाने

टायमर सुरू केला की सॉफ्टवेअर एक नोंद उघडतं. नोंदीत मुख्य खाने तीन असतात: सुरुवात, शेवट आणि कालावधी. वर सांगितलेल्या मुलाच्या त्या दिवशीच्या नोंदी आतमध्ये अशा दिसतात:

सकाळची मीटिंग: सुरुवात ९:३०, शेवट १०:१५, कालावधी ०:४५
बग दुरुस्ती: सुरुवात १०:१५, शेवट १२:०५, कालावधी १:५०
पेमेंट स्क्रीनची चाचणी: सुरुवात १२:०५, शेवट रिकामा, कालावधी रिकामा

तिसरी ती चालू नोंद. 'चालू' असा शिक्का तिच्यावर बहुतेक वेळा वेगळा मारलेला नसतो. 'शेवट' हा खाना रिकामा आहे, एवढीच तिची ओळख.

आणि पडद्यावर पळणारा १:१५ हा आकडा? तो कुठेही साठवलेला नसतो. घड्याळात आत्ता किती वाजले ते बघून, त्यातून १२:०५ वजा करून सॉफ्टवेअर तो दर सेकंदाला नव्याने काढतं. रिपोर्ट साठवलेल्या आकड्यांची बेरीज करतो, आणि तिथे ०:४५ आणि १:५० एवढंच आहे. म्हणून २:३५.

रिकामं आणि शून्य यांत फरक आहे

शाळेच्या गुणपत्रिकेत एखाद्या विषयापुढे 'गैरहजर' लिहिलेलं असतं. ते शून्य गुण नव्हेत. पेपरच दिला नाही, म्हणजे गुण माहीत नाहीत. डेटाबेसमधला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदींच्या साठ्यातला, रिकामा खाना तसाच असतो. त्याला 'नल' म्हणतात.

नलमधून काहीही वजा केलं तरी उत्तर नलच येतं. आणि बेरीज करणारं फंक्शन नल भेटला की त्याला वळसा घालून पुढे जातं. तक्रार नाही, लाल अक्षरातली सूचना नाही. सव्वा तास गळतो आणि कोणालाच कळत नाही. हे इतकं सहज घडतं, की रिपोर्ट लिहिणाऱ्या प्रोग्रामरने काही चूक केली असंही वाटत नाही.

दुसरी गळती त्याच्याही आधीच्या पायरीवर होते. रिपोर्ट तारखांवर चालतो: 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंतच्या नोंदी आण.' ही चाळणी 'शेवट' या खान्यावर लावलेली असेल, तर रिकामा खाना कुठल्याच तारखांमध्ये बसत नाही आणि चालू नोंद बेरजेपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे नुसतं बेरजेचं सूत्र दुरुस्त करून भागत नाही, चाळणीही बदलावी लागते. 'रिपोर्टची मुदत संपायच्या आधी सुरू झालेल्या, आणि एकतर मुदत सुरू झाल्यावर संपलेल्या किंवा अजून न संपलेल्या' अशा सगळ्या नोंदी आणायच्या.

काही सॉफ्टवेअरनी रिकाम्या खान्याऐवजी वेगळी खूण ठेवली आहे. टॉगल या टायमर सॉफ्टवेअरच्या एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने माहिती मागवण्याच्या त्याच्या खिडकीतून, चालू नोंदीचा कालावधी ऋण आकडा म्हणून येतो. ही माहिती ओढून स्वतःचा रिपोर्ट बनवणाऱ्याने ते ऋण आकडे बेरजेत जसेच्या तसे टाकले, तर एकूण वेळ वाढायच्या ऐवजी घटतो. ऋण दिसला की तो बाजूला काढायचा आणि कालावधी सुरुवातीच्या वेळेवरून स्वतः काढायचा.

रिकाम्या जागी 'आत्ता' बसवायचं

उपाय ऐकायला सोपा आहे. शेवटचा खाना रिकामा असेल तर तिथे आत्ताची वेळ धरायची आणि त्यातून सुरुवात वजा करायची. १:२० मधून १२:०५ गेले, राहिले १:१५. एकूण ३:५०. डेटाबेसमध्ये यासाठी 'कोअलेस' नावाचं फंक्शन असतं. पहिली किंमत रिकामी असेल तर ते दुसरी देतं.

यात एक पथ्य आहे. ही 'आत्ता'ची वेळ फक्त हिशेबापुरती धरायची, नोंदीत लिहायची नाही. रिपोर्ट काढल्यामुळे कोणाचा टायमर बंद झाला किंवा नोंदीत शेवट भरला गेला, तर ते रिपोर्टचं काम नव्हे. मीटर वाचायला आलेल्या माणसाने घराची वीज बंद करायची नसते.

स्वतःची वेळ साध्या फाइलमध्ये लिहिणाऱ्यांकडेही हाच प्रश्न येतो. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या ऑर्ग-मोडमध्ये घड्याळ सुरू केलं की कामाखाली 'क्लॉक' अशी ओळ उमटते आणि तिच्यात सुरुवातच असते. तिथल्या तक्त्यात चालू काम मुळात धरलेलं नसतं, त्यासाठी 'ऑर्ग-क्लॉक-रिपोर्ट-इन्क्लूड-क्लॉकिंग-टास्क' ही सेटिंग मुद्दाम चालू करावी लागते. नाव लांबलचक आहे, पण चालू वेळ धरायचा की नाही हा निर्णय वापरणाऱ्याच्या हातात ठेवला आहे, हे मला पटतं.

एक्सेलमध्ये टाइमशीट ठेवणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या कितीतरी छोट्या ऑफिसांत, सीएंकडे, आर्किटेक्टकडे, अजून एक्सेलच चालतं आणि त्यात काही कमीपणा नाही. पण एक्सेलचा स्वभाव डेटाबेसच्या उलट आहे. वजाबाकीत तो रिकाम्या खान्याला शून्यच समजतो. शेवट शून्य, त्यातून १२:०५ वजा, उत्तर ऋण. ऋण वेळ एक्सेलला दाखवता येत नाही, म्हणून खान्यात नुसती जाळी जाळी दिसते. लोकांना वाटतं खाना अरुंद आहे, आणि ते रुंदी वाढवत बसतात.

त्यासाठी कालावधीच्या खान्यात 'इफ' लावा: शेवट रिकामा आहे का? असेल तर 'नाऊ' घ्या, नसेल तर शेवट घ्या, आणि मग त्यातून सुरुवात वजा करा. इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा अडकतो. 'नाऊ' फक्त वेळ देत नाही, तारखेसकट देतो, आणि एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे १९०० सालापासून मोजलेले दिवस असतात. सुरुवातीच्या खान्यात नुसतं १२:०५ लिहिलेलं असेल, तर एका दुपारच्या कामाचे दहा लाखांहून जास्त तास होतात. सुरुवात आणि शेवट, दोन्ही खान्यांत तारीख आणि वेळ दोन्ही हवीत.

बेरजेच्या खान्याचं रूपही बदला. साध्या वेळेच्या रूपात २४ तास झाले की आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो, म्हणजे आठवड्याचे ४१ तास १७ दिसतात. तासाच्या अक्षराभोवती चौकटी कंस दिला, म्हणजे [h]:mm असं केलं, की खरे ४१ दिसतात. आणि 'नाऊ' आपणहून टिकटिकत नाही. शीटमध्ये काही बदललं किंवा एफ-नऊ दाबलं, की मगच तो ताजा होतो. गूगल शीट्समध्ये सेटिंगमधल्या कॅल्क्युलेशनमध्ये जाऊन दर मिनिटाला ताजं करायला सांगता येतं.

मध्यरात्र ओलांडणारं काम

इथपर्यंतचं गणित सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्यांचं झालं. हिंजवडीत आणि खराडीत अमेरिकेतल्या क्लायंटसाठी रात्री काम करणाऱ्यांचं वेगळं आहे. मंगळवारी रात्री १०:४० ला टायमर लावला आणि १:१० ला रिपोर्ट काढला. चालू वेळ अडीच तास. पण तो मंगळवारचा की बुधवारचा?

एक पद्धत अशी की मध्यरात्री तुकडा पाडायचा: मंगळवारी १:२०, बुधवारी १:१०. दुसरी अशी की नोंद ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवशी ती अख्खी टाकायची, म्हणजे शिफ्टचा वेळ एकत्र राहतो. दोन्ही चालतात. पण चालू नोंदीला एक नियम आणि बंद झालेल्या नोंदीला दुसरा असं झालं, तर टायमर थांबवताक्षणी तास एका दिवसातून उडी मारून दुसऱ्या दिवसात जातात, आणि मग कोणाचाच कोणावर विश्वास राहत नाही.

तुकडा पाडायचा तर नियम असा. सुरुवात म्हणून नोंदीची सुरुवात आणि रिपोर्टच्या मुदतीची सुरुवात यांतली जी नंतरची असेल ती घ्यायची. शेवट म्हणून नोंदीचा शेवट (किंवा 'आत्ता') आणि मुदतीचा शेवट यांतली जी आधीची असेल ती घ्यायची. हा नियम विसरलात तर काय होतं बघा. कोणीतरी रविवारी रात्री ११ ला काम सुरू केलं. मध्यरात्र उलटून सोमवार लागल्यावर १२:१५ ला गेल्या आठवड्याचा रिपोर्ट उघडला, तर त्यात या कामाचे १:१५ दिसतात. १ वाजता तोच रिपोर्ट उघडला तर २:००. संपून गेलेला आठवडा फुगतच चालला आहे! नियम लावला की दोन्ही वेळा १:०० दिसतो आणि तो पुढे हलत नाही.

प्रोग्रामरसाठी इथेच एक खड्डा आहे. दोनांतली लहान किंमत देणारं 'लीस्ट' हे फंक्शन पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये रिकाम्या किमतीकडे दुर्लक्ष करतं आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये एक किंमत रिकामी असली की उत्तरही रिकामं देतं. त्यामुळे पोस्टग्रेसवर 'आत्ता' धरायचं विसरून नोंदीचा शेवट आणि मुदतीचा शेवट एवढेच दोन दिले, तर चालू नोंद थेट मुदतीच्या शेवटापर्यंत ताणली जाते. आजच्या रिपोर्टची मुदत मध्यरात्री संपते. दुपारी १२:०५ ला सुरू झालेलं काम १:२० लाच ११:५५ तासांचं दिसायला लागतं. अजून न आलेली संध्याकाळही हिशेबात धरली जाते. तोच कोड मायएसक्यूएलवर नेला तर नोंद पुन्हा गायब. रिपोर्ट कधी जास्त, कधी कमी दाखवतो अशी तक्रार आली की आधी ही ओळ तपासा.

आणखी एक पुणेरी अडचण म्हणजे साडेपाच तासांची. सर्व्हर बहुधा वेळ जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात, आणि आपण तिच्या ५:३० तास पुढे आहोत. आपला दिवस सुरू होतो तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ६:३० वाजलेले असतात. रिपोर्टने दिवस सर्व्हरच्या घड्याळाने पाडला, तर आपल्याकडे तारीख पहाटे ५:३० ला बदलते. पहाटे पाचला टायमर लावणाऱ्याचा पहिला अर्धा तास कालच्या खात्यात जातो. साठवण जागतिक वेळेतच हवी, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासाने पुढे सरकतात आणि न्यूयॉर्कचं आपल्यापासूनचं अंतर १०:३० वरून ९:३० होतं. साठवण स्थानिक वेळेत असेल, तर त्या रात्री चालू असलेल्या टायमरमध्ये एक तास जास्त दिसतो. दिवस पाडताना मात्र ज्याचा रिपोर्ट आहे त्याचं घड्याळ धरायचं.

दोघांच्या रिपोर्टमध्ये दोन तासांचा फरक कसा?

वीजबिलावर 'मागील रीडिंग' आणि 'चालू रीडिंग' छापलेलं असतं, शेजारी रीडिंगची तारीख असते. रीडिंग घेऊन माणूस गेला तरी घरातला फ्रिज चालूच राहतो. त्यानंतरचे युनिट खोटे नसतात, ते फक्त या बिलात नसतात. तारीख छापलेली असल्यामुळे त्यावर कोणी भांडत नाही.

चालू वेळ धरणाऱ्या रिपोर्टलाही अशी तारीख-वेळ लागते. ऑफिसात बारा जणांचे टायमर चालू आहेत. मॅनेजरने सहा वाजता रिपोर्ट काढला, हिशेबनिसाने सहा वाजून दहा मिनिटांनी. बारा जणांची प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे १२० मिनिटं. दोन कागदांत दोन तासांचा फरक आणि दोन्ही बरोबर. रिपोर्टच्या माथ्यावर 'सायं. ६:०० पर्यंत' असं लिहिलं असेल तर वाद उरत नाही. नसेल तर अर्धा दिवस चूक शोधण्यात जातो, आणि चूक मुळात नसतेच.

हा 'आत्ता' एका रिपोर्टमध्ये एकदाच घ्यायचा आणि सगळ्या ओळींना तोच लावायचा. प्रत्येक ओळीला घड्याळ नव्याने बघितलं, तर मोठ्या रिपोर्टमध्ये वरच्या ओळींची बेरीज आणि खालची एकूण यांत काही सेकंदांचा फरक पडतो. पोस्टग्रेसमधलं 'नाऊ' डेटाबेसच्या एका व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच वेळ देतं, म्हणून ते इथे सोयीचं. साठवून ठेवलेला जुना रिपोर्ट पुन्हा दाखवतानाही तो कधी काढला होता ती वेळ दाखवा. आत्ताची नको.

तोच वेळ दोनदा

चालू वेळ घ्यायला लागलं की गळती थांबते आणि उलटा धोका सुरू होतो. सर्व्हरने ३:५० पाठवले, त्यात चालू सव्वा तास आधीच आहे. आकडा जिवंत दिसावा म्हणून स्क्रीनने टायमरचे १:१५ पुन्हा त्यात मिळवले. झाले ५:०५. म्हणून सर्व्हरने बेरीज करून पाठवू नये. पूर्ण झालेले २:३५ आणि चालू नोंदीची सुरुवात १२:०५, अशा दोन गोष्टी वेगळ्या द्याव्यात आणि चालू वेळ स्क्रीनने काढावा. टायमर थांबला की दोन्ही नव्याने मागवायच्या, नाहीतर नुकतीच बंद झालेली नोंद 'पूर्ण'मध्येही येते आणि 'चालू'मध्येही रेंगाळते.

स्क्रीनवर दर सेकंदाला एक मिळवत जाणंही टाळा. टॅब मागे गेला की ब्राउझर त्याची टिकटिक मंदावतो, लॅपटॉप झाकला की ती थांबते. तासाभराने परत आलात तर आकडा वीस मिनिटांवर असू शकतो. दर वेळी आत्ताच्या वेळेतून सुरुवात वजा केली तर हा प्रश्न येत नाही. फोनचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर सुरुवात भविष्यात जाते आणि पहिली पाच मिनिटं कालावधी ऋण येतो. सुरुवातीची वेळ सर्व्हरच्या घड्याळाने नोंदवावी. तरीही ऋण आलाच तर शून्य दाखवून झाकू नका, ओळीवर खूण करा.

"पण काम संपलंच नाही, मग वेळ धरायचा कसा?"

ही शंका रास्त आहे. रिक्षाचं बघा. स्वारगेटहून कोथरूडला निघालात, टिळक रोडने अलका चौकात आलात आणि मीटरकडे नजर टाकली. दिसलेला आकडा प्रवासाचं भाडं नाही, अजून कर्वे रोड जायचाय. पण तो खोटाही नाही. खिशातले पैसे पुरतील का, याचा अंदाज त्यावरूनच येतो. पैसे मात्र उतरल्यावर जो आकडा असेल तोच आपण देतो.

चालू वेळाचा उपयोग असा अंदाजासाठी आहे. क्लायंटने एका कामाला २० तास मंजूर केलेत, १८:३० पूर्ण झालेत आणि दोघांचे टायमर मिळून १:२० चालू आहेत. म्हणजे हातात दहा मिनिटं उरली, आणि दोघं काम करतायत म्हणून ती पाचच मिनिटांत संपतील. हे आत्ता कळलं तर फोन करून विचारता येतं.

विसरलेला टायमर

चालू वेळ धरण्याला सगळ्यात जास्त विरोध होतो तो इथे, आणि तो अनुभवातून आलेला असतो. शुक्रवारी संध्याकाळी ६:३० ला टायमर लावला, गडबडीत तसाच ठेवून घरी गेलात, सोमवारी सकाळी ९:३० ला उघडून बघितलं. ६३ तास. हे रिपोर्टच्या बेरजेत गेलं तर साऱ्या टीमची सरासरी बिघडते.

पण चालू वेळ लपवल्याने विसरलेला टायमर बरा होत नाही. उलट, दिसला म्हणून तो सापडतो. एक उंबरठा ठरवा. बहुतेक ऑफिसांना १० किंवा १२ तास पुरतात. त्यापुढे गेलेली चालू नोंद रिपोर्टमध्ये वेगळ्या गटात काढा, बेरजेत धरू नका आणि त्या माणसाला विचारणा पाठवा. कीबोर्ड-माउस बराच वेळ हलला नाही तर विचारणारी सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते: मधला वेळ ठेवायचा, काढायचा की दुसऱ्या कामावर टाकायचा? ती चालू ठेवा. फक्त मिनिटं फार कमी ठेवू नका. फोनवर बोलणारा किंवा कागदावर विचार करणारा माणूसही माउस हलवत नाही.

सॉफ्टवेअरने आपणहून नोंद आठ तासांवर कापून टाकावी, हे मला मान्य नाही. त्या माणसाने खरोखर नऊ तास काम केलं असेल, तर त्याचा एक तास त्याला न विचारता गेला. दुरुस्ती ज्याचा वेळ त्यानेच करावी आणि मूळ नोंद काय होती ते मागे राहावं.

बिलात, पगारात, ओव्हरटाइमच्या पैशांत

इथे चालू वेळ घेऊ नका. बिल, पगार आणि मंजूर होऊन कुलूप लागलेली टाइमशीट, तिन्ही फक्त बंद नोंदींवर. सतत बदलणाऱ्या आकड्यावर बिल काढलं, तर पुढच्या महिन्यात त्याच नोंदीचा उरलेला भाग वेगळा काढावा लागतो आणि तो हमखास चुकतो. महिनाअखेरीला कोणाचा टायमर चालू असेल, तर तो एकदा थांबवून पुन्हा सुरू करायचा. दोन नोंदी होतात, एक या महिन्याची, एक पुढच्या.

पूर्णांक करण्याचंही तसंच. पाव तासाच्या पटीत वर नेण्याची पद्धत असेल, तर चालू नोंदीवर १:१५ ला एक सेकंद जास्त झाला की आकडा थेट १:३० होतो. चालू वेळ मिनिटांत खरा दाखवा, पूर्णांक नोंद बंद झाल्यावर करा. आणि दशांशाकडे लक्ष ठेवा: ३:५० म्हणजे ३.८३ तास. ते ३.५० म्हणून पुढे गेलं, तर वीस मिनिटांचे पैसे बुडतात.

"म्हणजे साहेब दिवसभर बघत बसणार?"

ही भीती उडवून लावण्यासारखी नाही. चालू नोंद दिसणं म्हणजे कोण या क्षणी काय करतंय ते दिसणं. पूर्ण झालेल्या वेळाच्या रिपोर्टमध्ये हे नसतं, म्हणून ही सोय सुरू करण्यापूर्वी ऑफिसात बोलणं व्हायला हवं.

गरज एवढी मोठी नसते. ज्याचा त्याला आपला चालू वेळ पूर्ण तपशिलासह दिसावा. मर्यादेजवळ आलोय हे सगळ्यात आधी त्यालाच कळायला हवं. प्रकल्प बघणाऱ्याला प्रकल्पाचा एकूण चालू वेळ पुरतो, त्यात कोणाचे किती हे रोज बघायची गरज नसते. क्लायंटला चालू वेळ दाखवण्याचं कारण मला तरी सापडत नाही.

दहा मिनिटांत तपासणी

तुमचं सॉफ्टवेअर यात कुठे बसतं ते माहितीपत्रकापेक्षा करून बघितलेलं बरं. आज एकही नोंद नसलेला चाचणी प्रकल्प उघडा आणि त्यात टायमर लावा. पाच मिनिटांनी आजचा रिपोर्ट काढा. शून्य आलं तर चालू वेळ धरलेला नाही, सेटिंगमध्ये 'रनिंग' शब्द शोधा. पाच आले तर ठीक. मध्यरात्रीपर्यंतचे सगळे तास आले तर वर सांगितलेला खड्डा.

मग पान ताजं न करता टायमर थांबवा. एकूण आकडा पाच-सहाच राहिला पाहिजे, दुप्पट होता कामा नये. आता कालचा रिपोर्ट काढा, त्यात ही मिनिटं दिसायला नकोत. पुन्हा टायमर लावून फाइल उतरवून घ्या आणि एक्सेलमध्ये उघडा. स्क्रीनवर चालू वेळ दिसतो पण उतरवलेल्या फाइलमध्ये नसतो, असं होऊ शकतं, आणि हिशेबनिसाकडे जाते ती फाइल. शेवटचा खाना तिथे रिकामा आहे, आजची वेळ आहे की ऋण आकडा आहे, ते बघा आणि हिशेबनिसाला तसं कळवून ठेवा.

रात्रपाळी असेल तर हीच चाचणी एकदा ११:५५ ला सुरू करून १२:०५ ला करा आणि दोन्ही दिवसांचे रिपोर्ट शेजारी ठेवा. त्यांची बेरीज दहा मिनिटं आली पाहिजे.